फ्लेक्सवरचे सर

गणिताचा मास्तर शोधणं आणि वेल्डर शोधणं यात काडीचाही फरक नाही, असं दादासाहेबांचं ठाम मत होतं. महाळुंग्यातल्या कंपन्यांना माणसं पुरवायची त्यांची ठेकेदारी. "पोरगी सहामाहीत गणितात आपटली म्हणून एवढं काय घिऊन बसलीस? आज सांच्याला मास्तर हजर करतो," ते म्हणाले आणि केलाही. जयमालानं नवऱ्यानं आणलेल्या त्या मास्तराकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

ज्योतीराम त्याचं नाव. कुठल्याशा कंपनीत स्टोअरकीपर. नट-बोल्ट मोजता येतात म्हणजे गणित येतं, एवढाच काय तो त्याचा अधिकार. आल्या आल्या त्यानं दहावीतल्या पूनमला सतराचा पाढा म्हणायला लावला. मग अठराचा. शेवटी पूनमनंच वर्गसमीकरणाचं पान उघडून त्याच्यापुढं सरकवलं, तर चष्मा पुसत म्हणतो कसा, "हे आमच्या वेळी नव्हतं."

"नव्हतं कसं? होतं की. मी त्यातच नापास झाले," जयमाला म्हणाली, आणि चहाही न विचारता त्याला वाटेला लावलं.

जयमालाचं शिक्षण गणितापाशीच थांबलं होतं, हे खरंच होतं. तेव्हापासून ज्यांना गणित येतं त्यांचा तिला राग यायचा आणि ज्यांना येत नाही त्यांची कीव. म्हणजे तिच्या तावडीतून कुणीच सुटत नसे. नवरा अडाणी, सासू गावंढळ, शेजारीण भोचक, शाळेतल्या बाई झोपाळू. सकाळी डोळे उघडल्यापासून जयमाला लोकांना नावं ठेवायची ती रात्री दिवा मालवेपर्यंत.

पूनमचं मात्र ठरलेलं होतं. शाळेनं मुलांना कंपनी दाखवायला नेलं होतं आणि ती कंपनी उभी होती नेमकी ह्यांच्याच जुन्या वावरात. आजोबांनी जिथं भुईमूग काढला तिथं रोबोटचा हात वेल्डिंग करत होता. पोरगी घरी आली ती डिप्लोमाचं खूळ डोक्यात घेऊन. "मला त्या गेटातून आत जायचंय. ठेकेदाराची मुलगी म्हणून नाही, इंजिनियर म्हणून," असं तिनं जेवताना सांगितलं. डिप्लोमाला गणित लागतं, आणि गणिताच्या पुस्तकाकडं बघूनच तिला रडू फुटायचं.

मग जयमाला स्वतः उठली. नेऊन नेऊन कुठं न्यायचं, तर निगडीला, ज्ञानेश सरांकडं. सरांना कोण ओळखत नाही! हाताची घडी घालून, मान जराशी तिरकी करून ते निगडीच्या निम्म्या खांबांवर लटकलेले. प्राधिकरण वसाहतीतल्या बंगल्यात क्लास, काचेचं दार, आत एसी. सरांनी पूनमची एक छोटी परीक्षा घेतली, पेपरावर नजर टाकली आणि तो दोन बोटांनी परत केला.

"सॉरी. एवढी कच्ची मुलं आम्ही घेत नाही. आमचा रिझल्ट खाली येतो."

"अहो, हिला येत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते मी? ठणठणीत माणसंच तपासणारे डॉक्टर दिसताय तुम्ही!" जयमाला म्हणाली. सरांनी काचेच्या दाराकडं हात केला. पूनम गाडीत बसेपर्यंत रडली नाही, बसल्यावर रडली.

शेवटी शिक्षिका शोधली ती पूनमनंच. कंपनी दाखवताना रोबोटचा हात कुठल्या कोनात वळतो हे ज्या मुलीनं समजावून सांगितलं होतं, तिचा नंबर तिनं घेऊन ठेवला होता. मैत्री तिचं नाव. गणितात बीएस्सी, त्याच कंपनीच्या क्वालिटी विभागात नोकरी. पहिली शिफ्ट सुटली की घरी येऊन शिकवेन, म्हणाली.

पहिल्याच दिवशी पूनमच्या आजीनं, विमलबाईंनी, चौकशी आरंभली. "कुठं ऱ्हातीस गं? आडनाव काय म्हनलीस?" मैत्रीनं आडनाव सांगितलं, भोसरीत विहाराच्या मागं राहते म्हणून सांगितलं. विमलबाई "बरं बरं" करत आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. बौद्धाची पोर, हे जयमालालाही कळलं. पण जयमाला काय सासूसारखी गावंढळ थोडीच! आपण असलं काही मानत नाही, असं ती बचत गटाच्या मीटिंगमध्ये छातीठोक सांगायची. तिनं फक्त दुसऱ्या दिवशी दुकानातून कागदी कपांचं पाकीट आणलं.

शोकेसमध्ये चिनी मातीचे सेट धूळ खात पडलेले, सगळं घर त्याच्याखालच्या फळीवरच्या कपांतून चहा पिणार, आणि मैत्रीला तेवढा कागदी कप. "कंपनीत असलेच वापरतात ना हो तुमच्याकडं? स्वच्छ असतात," जयमाला गोड हसून म्हणायची. मैत्री चहा प्यायची, कप स्वतः चुरगाळून पिशवीत टाकून न्यायची. तिला काही कळत नाही असं जर जयमालाला वाटत असेल, तर धन्य त्या बाईची!

बरं, शिकवण्यालाही नावं ठेवून झाली. "कुठं अडलं?" म्हणून मैत्री विचारायची आणि पूनमनं सांगितलं की म्हणायची, "त्याच्या आधी कुठं अडलं?" असं मागं मागं जात ती पार अपूर्णांकांपर्यंत पोचली. "दहावीच्या पोरीला भाकरीचे तुकडे मोजायला शिकवतीये!" जयमाला स्वयंपाकघरातून ऐकू जाईल अशा बेतानं बोलली. पण हळूहळू आतलं रडणं थांबलं. मग एकदा पूनम शेजारच्या गाळ्याच्या पत्र्याचा उतार बघून त्याचा कोन काढत अंगणात उभी राहिलेली दिसली. पूर्वपरीक्षेत पोरगी पास झाली, तीही चांगल्यापैकी.

बोर्डाची परीक्षा अजून व्हायची होती. पण दादासाहेबांना दम कुठला? ह्या पट्ट्यात कुणाचा वाढदिवस असो की कुणाला नवी गाडी येवो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असं कुणी धरतच नाही. "झोकात लावू. मास्तरीणबाईंचा फोटो घिऊन ठेव, त्यांनीच शिकवलंय," ते म्हणाले.

"काही कळतं का तुम्हाला?" जयमाला फिस्कारली. "गाव विचारंल, ही कोण, कुणाची. काय सांगणार? फ्लेक्सवर नावाजलेलं तोंड लागतं."

"त्ये बी खरं हाय," दादासाहेब म्हणाले. स्वतःचं मत बाळगण्याची सवय त्यांना घरात नव्हती.

नावाजलेल्या तोंडाचा फोटो मिळायला काय अवघड? जयमालानं मोबाईलवर शोधला आणि छापणाऱ्याला पाठवला. रविवारी चौकात फ्लेक्स चढला. मधोमध पूनम, खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग, आणि वरच्या कोपऱ्यात हाताची घडी घातलेले, 'मार्गदर्शक मा. ज्ञानेश सर.'

"ह्यांनी तर मला हाकललं होतं!" पूनम चौकातच ओरडली.

सोमवारी शिफ्ट सुटली, कंपनीची बस गेली, मैत्री आली नाही. जयमालानं फोन लावला. "फ्लेक्सवरच्या सरांना बोलवा," मैत्री म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

"माज बघा केवढा! शिक्षकांचा काय दुष्काळ पडलाय?" असं म्हणून जयमालानं खरोखरच ज्ञानेश सरांना फोन केला. सर भलतेच खूश. फ्लेक्सचा फोटो त्यांनी क्लासच्या ग्रुपवर टाकलासुद्धा होता. "प्रवेश मात्र आता पुढच्या वर्षीच, ताई," ते म्हणाले.

पूनम पुस्तक पिशवीत टाकून निघाली. परीक्षा तोंडावर आलेली, पोरगी एकटी भोसरीला निघालेली. जयमाला धुसफुसत तिच्यामागं शेअर रिक्षात बसली. मनात तिनं बोलणं जुळवून ठेवलं होतं.

मैत्रीच्या आईनं, सरूबाईंनी, दार उघडलं. छोटं, नेटकं घर. जयमाला खुर्चीच्या कडेला टेकली. "ते फ्लेक्सचं म्हणजे, छापणाऱ्याची चूक झाली हो," तिनं सुरुवात केली.

"त्याला सरांचा फोटो कुणी दिला?" मैत्रीनं विचारलं.

"आईनं," पूनम म्हणाली.

जुळवून आणलेलं बोलणं तिथंच संपलं. मैत्री जयमालाकडं न बघता म्हणाली, "पूनमचं काय चुकलं? तिला मी शिकवीन. पण इथं. तुमच्या घरात पाय टाकणार नाही." पूनमनं लगेच चटईवर बसकण मारली आणि पुस्तक उघडलं.

सरूबाई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेल्या होत्या, त्या वळल्या. "चहा टाकते. कागदाचे कप मात्र नाहीत हो आमच्याकडं. चालेल ना?"

साऱ्या गावाला नावं ठेवणाऱ्या जयमालाची शरमेनं कानशिलं तापली, आणि इतकं होऊनसुद्धा मनात पहिलं काय आलं असेल, तर इथं चहा घेतलेला विमलबाईंना कळला तर! पूनमनं पेन खाली ठेवलं होतं आणि ती आईच्या तोंडाकडं बघत होती.

"चालेल," जयमाला म्हणाली.

सरूबाईंनी बशीसकट कप आणून तिच्या हातात दिला.

"घ्या मग," त्या म्हणाल्या, आणि समोर पाटावर बसून ती पिते की नाही ते बघत राहिल्या.