ढगाळलेलं भिंग

"समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात रे," म्हणत ताईनं तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवली. ती शाळेची बस चालवायची. काही वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावानं, म्हणजे डॉक्टरांनीच, तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून स्वतः शोधलेलं भिंग बसवलं होतं. घडी करून बारीकशा छेदातून आत सरकवायचं हे भिंग, आणि त्यानंच त्यांचं नाव झालं. त्यातलं अगदी पहिलं भिंग ताईनं हट्टानं बसवून घेतलं होतं. "भावाचं असताना परक्याचं कशाला घालू?"

भिंग डोळ्यातल्या ज्या पिशवीत बसतं तिचा मागचा पडदा धुरकट झाला असेल, लेसरनं काम भागेल, अशी त्यांची अटकळ होती. पण पडदा स्वच्छ होता. भिंगाच्याच आत पीठ भुरभुरल्यासारखे ठिपके होते. दुसऱ्या डोळ्यातही तेच. त्यांनी यंत्र बाजूला सारलं.

"चेहरा का पडलाय तुझा?"

"आजपासून बस चालवू नकोस, ताई."

त्यांनी जुने पेशंट बोलावले. काहींची भिंगं लख्ख होती, काहींची ताईसारखीच.

भिंगांचा कारखाना त्यांच्या बालमित्राचा होता. "हजारोंत चार-दोन बिघडणारच," तो म्हणाला. "लगेच बोंबाबोंब कशाला?"

"चार-दोन नाहीत. विक्री थांबव."

"आणि कामगारांना काय सांगू? तुझं डोकं फिरलंय."

शेवटी डॉक्टरांनीच दवाखान्यांना फोन करून भिंग वापरू नका म्हणून सांगितलं. मित्रानं बोलणं टाकलं.

ताई म्हणाली, "तूच घातलंस, आता तूच काढ."

"ताईंना दुसऱ्या कुणाकडे पाठव," बायकोनं विनवलं. "तुझं मन थाऱ्यावर नाही." त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया करताना भिंग पिशवीला घट्ट चिकटलेलं निघालं. सोडवताना ती नाजूक पिशवी फाटली आणि आतलं सगळं बिघडलं. त्या डोळ्यानं ताईला समोर माणूस आहे एवढंच कळायचं, चेहरा दिसायचा नाही.

ती रडली-भेकली नाही. "असं होऊ शकतं, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरशील म्हणून."

"मी की तू? दुसऱ्या डोळ्याला हात लावायचा नाहीस."

दुसरा डोळा त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीनं स्वतःच्या दवाखान्यात केला. डॉक्टर बाहेर नातेवाइकांच्या बाकावर बसले. दार उघडलं की उगाच उठून उभे राहायचे.

"आत कोण आहे तुमचं?" शेजारच्या माणसानं विचारलं.

"बहीण."

"काळजी करू नका, या बाईंच्या हाताला यश आहे. तुम्ही काय करता?"

तेवढ्यात दार उघडलं आणि ते उठून उभे राहिले.

विद्यार्थिनी मास्क काढत बाहेर आली. "सर, निघालं. पिशवी शाबूत आहे, नवं भिंग बसलंय."

पट्टी निघाल्यावर ताईनं त्यांना नीट न्याहाळलं. "केवढा म्हातारा दिसायला लागलास रे."

"राग गेला का?"

"नाही. जाईल तेव्हा जाईल. तू आपल्या कामाला लाग."

ते दवाखान्यात परतले. परत बोलावलेले पेशंट बाहेर थांबले होते. पहिल्या आजोबांना आत घेऊन डॉक्टरांनी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली.

"आजोबा, तुमच्या डोळ्यातलं भिंग मी बनवलंय आणि ते बिघडलंय. काढायचं की नाही, कुणाकडून काढायचं, तुम्ही ठरवा. पण काढताना काय होऊ शकतं, ते आधी ऐका."