डबीतलं भिंग

मी एक जुनं भिंग आहे. पितळी कडेचं, एका बाजूला टवका उडालेलं. कासू गावच्या जगननं मला पेणच्या बाजारात घेतलं, तेव्हा तो गावभरचे नारळ पाडायचा. माडावर चढला की मला डोळ्याला लावून कीड ओळखायचा. पानामागची पांढरी माशी, देठाला चिकटलेली खवलेकीड, सगळं मी दाखवलं. लोक कौतुक मात्र जगनचं करायचे, ते मला थोडं लागायचं.

पुढं त्याचा गुडघा गेला आणि मी तंबाखूच्या रिकाम्या डबीत पडलं.

शेजारच्या आसियाच्या परसात दोन माड होते, एक मुलगी सहर झाली तेव्हा लावलेला, दुसरा मुलगा फैजल झाला तेव्हाचा. त्यांचे कोवळे नारळ गळू लागले. आसियाचा नवरा फारुख कुवेतला असतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर नारळावरचे तपकिरी ओरखडे पाहिले आणि निकाल दिला, "उंदीर हायत. वर चढू नयेत म्हणून खोडाला पत्रा ठोकून घे." पत्रा ठोकला. जगन कुंपणावरून बघत होता, पण आपल्याला विचारलं नाही म्हणून रुसून बसला. मित्रांनो, तेव्हा मी तिथून वीस पावलांवर होतं.

वर्षभरानंतरही गळ थांबेना. फारुख म्हणाला, "वांझ झाले, तोडून टाक." सहरचा माड तोडला. फैजलच्या माडाला दुसऱ्या दिवशी करवत लागणार होती. आसियाला राहवेना. गळलेला नारळ घेऊन ती जगनकडे आली.

जगननं मला सदऱ्याला पुसलं आणि नारळाचं देठाकडचं टोपण उचकटलं. आत पांढुरके कण वळवळत होते.

"उंदीर भोक पाडतो गो. हे कोळी किडे हायत, टोपणाखाली बसून रस पितात. गळलेले नारळ जाळायचे, निंबोळीचं औषध द्यायचं. यानं माड मरत नाय."

"मग सहरचा माड?"

जगन तिच्याकडे न बघता टोपण परत नारळावर बसवू लागला.

"तुमाला आधीच कळलं होतं, दादा?"

"ओरखडे बघून वाटलं होतं."

आसियानं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. आता मी तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असतं. खिडकीतून एक माड दिसतो आणि एक बुंधा.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. करवत आणण्याआधी मला शोधा. आणि ज्याला ठाऊक आहे, त्यानं कुणी विचारायची वाट बघू नये.