चौदा नंबरच्या घरात कोण राहतं?

बुरशी पुन्हा आली होती. दियाच्या पलंगामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके. ईशिताने पलंग ओढून पाहिलं, भिंतीला हात लावला. भिंत ओली होती. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या भिंतीवर असेच ठिपके आले, तेव्हा तीन वर्षांच्या पोरीला दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. त्यानंतर दिया नुसती शिंकली तरी ईशिताच्या हातातलं काम थांबायचं.

तेव्हा घर भाड्याने देणाऱ्या लेटिंग एजंटला अकरा ईमेल गेले होते आणि उत्तर एकच आलं होतं, खिडक्या उघड्या ठेवा. जानेवारीत! शेवटी धावून आली ती देवयानी. इंग्लंडमध्येच, लेस्टरला जन्मलेली, मराठी आईबापांची मुलगी, तीन वर्षांपूर्वी इथल्या वॉटफर्डच्या कौन्सिलवर, म्हणजे नगरपालिकेवर, निवडून आलेली. ओल मोजायचं यंत्र घेऊन ती भिंतीसमोर उकिडवी बसली, फोटो काढले, पत्रं लिहिली, आणि पंधरा दिवसांत प्लास्टर खरवडून निघालं.

यंदा मात्र देवयानीच निघाली होती.

बातमी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. मे महिन्यात गावाच्या मेयरची निवडणूक होती. भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराला तपासणी होऊन कौन्सिलचा परवाना लागेल, हा मुद्दा घेऊन देवयानी मेयरपदाला उभी राहणार असं सगळेच धरून चालले होते. पण पक्षाने तिच्यापुढे दुसरंच ताट वाढलं. लांबच्या एका मतदारसंघात पार्लमेंटची पोटनिवडणूक लागली होती, जागा हमखास निवडून येणारी. दोन्हीकडे एकदम उभं राहता येत नव्हतं. उत्तर रविवारपर्यंत हवं होतं.

ग्रुपवर लग्न जमल्यासारखा आनंदीआनंद झाला. मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमकाका इथे चाळीस वर्षं राहिलेले, त्यांनी तर लिहून टाकलं की मेयर म्हणजे शेवटी कचऱ्याचे बिन्स आणि रस्त्यातले खड्डे. आपली मुलगी वेस्टमिन्स्टरलाच शोभते. खाली अंगठ्यांची रांग. ईशिताने ‘जाऊ नकोस गं’ असं तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं.

शनिवारी सकाळी देवयानी ही नव्याने बुरशी धरलेली भिंत बघायला आली. सोबत नीनाताई होत्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त दाई. गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातात पहिल्यांदा रडलेली. आता त्या देवयानीबरोबर दारोदार फिरत, मतदारयादीचा क्लिपबोर्ड छातीशी धरून.

यंत्राचा काटा लाल रेघेपार गेला. ईशिताला राहवलं नाही.

“तू गेलीस तर हे कोण बघणार? आम्ही सगळे तुझ्या मागे आहोत, देवयानी.”

देवयानी जमिनीवरच बसली आणि आपल्या लेस्टरच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “मला जायचा नाहीये गं. पण माझ्याकडे नंबर्स नाहीयेत. पक्षवाले म्हणतात, भाड्याने राहणारे लोक व्होटच करत नाहीत, त्यांच्यासाठी मेयरला उभी राहिली तर मी हरणार. आणि खरं आहे ते.”

“कसं खरं आहे?”

नीनाताईंनी बोर्डावरचं पान उलटलं. “चौदा नंबर, म्हणजे हेच घर. इथे मिस्टर हॉलंड राहतात.”

ईशिताला हे नाव पाठ होतं. चार वर्षं त्यांची मतदानाची कार्डं दारातून आत पडत होती आणि ती न चुकता रिसायकलिंगमध्ये टाकत होती.

“ते कधीच गेले हो इथून.”

“गेले असतील. यादीत तेच राहतात. तू राहत नाहीस.”

ईशिता गोंधळली. आम्ही भारताचे नागरिक, व्हिसावर आलेलो, आम्हाला इथे कसलं मत, असं तिने विचारलं. नीनाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे व्हिसावर राहणाऱ्यालाही इथे मत आहे. मेयरला आहे आणि पार्लमेंटलाही आहे. त्या स्वतः एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये आल्या, त्या वर्षीच त्यांनी मत दिलं होतं, भारताच्या निळ्या पासपोर्टवर.

“मी इतकी बाळंतपणं केली,” त्या म्हणाल्या, “बाहेर व्हरांड्यात सगळे नातेवाईक बाळाचं नाव ठरवत बसायचे. कळा द्यायला आत एकटी. तुमचं मंडळ त्या व्हरांड्यातलं आहे बघ. पार्लमेंट की मेयर यावर तीनशे मेसेज, आणि तुमच्या चौपन्न घरांतली पाच नावं या यादीत. मग ही पोर कोणाच्या जोरावर थांबेल?”

ईशिताला भिंतीकडेही बघवेना.

आपल्याला इथे मत देता येतं हे क्षितिजला, तिच्या नवऱ्याला, ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने ड्रॉवरमधून कौन्सिलची पत्रं काढली. दर उन्हाळ्यात यायची, घरात कोण राहतं ते कळवा म्हणून. आपण कशाला यात पडा, असं म्हणत तो ती आत सारायचा. पुढच्या वर्षी त्यांचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज जायचा होता, नियम बदलण्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि त्याचं म्हणणं साधं होतं.

“आपण पाहुणे आहोत इथे, ईशिता. पाहुण्याने मान खाली घालून राहावं.”

“पाहुण्याकडून कोणी कौन्सिल टॅक्स घेतं का रे? चार वर्षं मान खाली घातली म्हणून तर आपल्या भिंतीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आता वर करते.”

ती लॅपटॉप घेऊन बसली. नाव, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर. पाच मिनिटं लागली. क्षितिजने चहा मात्र दोन कप केला.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काळ्या साड्या, तिळाच्या वड्या, पोरांची धावपळ. देवयानी दाराशी कोट न काढताच उभी होती. पुरुषोत्तमकाकांनी माइक घेतला आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, पोरीला पार्लमेंटला पाठवायचं ना, हात वर करा बघू! सगळा हॉल हातांनी भरला.

ईशिता उठली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“हात असेच राहू द्या. आता ज्यांचं नाव इथल्या मतदारयादीत नाही, त्यांनी खाली घ्या.”

आधी कोणाला कळलं नाही. मग एक हात खाली आला. मग रांगच्या रांग. लोक एकमेकांकडे बघत, ओशाळं हसत हात मांडीवर ठेवू लागले. शेवटी चार उरले, आणि व्यासपीठावरचा काकांचा. तोही हळूहळू खाली आला.

“घर बदललं तीन वर्षांपूर्वी,” ते माइक लांब धरून पुटपुटले. “नाव घालायचं राहून गेलं.” मग सावरून म्हणाले, “पण हे हळदीकुंकू आहे, ईशिता. इथे राजकारण नको.”

“काका, मघाशी हात मोजत होतात ते काय होतं?”

पहिल्यांदा नीनाताई हसल्या, मग बायका, मग सगळा हॉल. ईशिताने पिशवी उघडली. दरवर्षी ती वाण म्हणून डबे किंवा वाट्या लुटायची. या वर्षी प्रत्येकीच्या हातात तिने एक कागद ठेवला, नावनोंदणी कशी करायची ते मराठीत लिहिलेला. म्हणाली, “वाण परत करता येत नाही, माहितेय ना?”

हॉलच्या कोपऱ्यात कोणीतरी टेबल ओढल्याचा आवाज आला. क्षितिज होता. त्याने लॅपटॉप उघडला, आधी स्वतःचं नाव भरलं आणि मग खुर्ची वळवून विचारलं, “पुढे कोण?”

“मी,” पुरुषोत्तमकाका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत एकसष्ट नावं गेली. एकसष्ट मतांनी मेयर होत नाही, हे देवयानीला कोणी सांगायला नको होतं. तरी तिने हॉलबाहेर जाऊन फोन केला आणि आत येऊन कोट काढला.

“पार्लमेंटला नाही म्हटलं. मी इथे उभी राहणार. हरली तर इथेच हरेन.”

त्यानंतरचे तीन महिने ईशिता दियाची बाबागाडी ढकलत भाड्याच्या घरांची दारं ठोठावत फिरली. पोलिश बायका, केरळच्या नर्सेस, पेन्शनर गोरे, कोणालाच सोडलं नाही.

मे महिन्यात मतदानाच्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये तिने टेबलावर निळा पासपोर्ट ठेवला. कारकुनाने पट्टी यादीवरून खाली नेली. चौदा नंबरला मिस्टर हॉलंड नव्हते. त्याने तिचं नाव चुकीचं वाचलं. तिने ते बरोबर करून सांगितलं, आणि त्याने ते पुन्हा, नीट, मोठ्याने म्हटलं. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने तिने फुली मारली, आणि दियाने मतपत्रिका पेटीत ढकलली.

वाचकहो, चांगल्या माणसाने कुठल्या खुर्चीवर बसावं, यावर आपण चहाचे कपच्या कप रिकामे करतो. तो हक्क आपल्याला जरूर आहे. पण आधी आपल्या दारावरच्या नंबरापुढे कोणाचं नाव आहे, ते बघा. आपल्यासाठी लढणारी माणसं निघून जातात तेव्हा त्यांना दोष देणं सोपं असतं. त्यांना थांबवायचं असेल, तर आपण इथे राहतो हे ठणकावून सांगावं लागतं. पाहुणा म्हणून जगलात तर भिंत कोणीही दुरुस्त करणार नाही.