दुखणं माहेरचं

रविवारची दुपार होती. हदगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत शिवशंकरच्या घरी पिठलं-भाकरीचं जेवण उरकत आलं होतं. शिवशंकरचं खता-बियाण्यांचं दुकान. आठवड्यातून हा एकच दिवस तो दुपारी घरी जेवायचा. त्याची आई रुक्मिणबाई जेवून भिंतीला टेकली होती. सगळ्यांचं झाल्यावर सून राजकन्या ताट घेऊन बसली. ठेच्यानं ठसका लागला म्हणून मान वर करून ती घटाघटा पाणी प्यायली, आणि समोर वही घेऊन बसलेली तिची लेक मालू एकदम म्हणाली, "आई, परत पी बरं पाणी."

"कामून गं?"

"तुझ्या नरड्यात कायतरी वर-खाली व्हायलंय. बोराएवढं."

राजकन्येनं पुन्हा एक घोट घेतला. गळ्याच्या खालच्या बाजूला, उजव्या अंगाला, काहीतरी घोटाबरोबर वर सरकलं आणि खाली आलं. तिनं बोटानं चाचपून पाहिलं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी आपल्याकडच्या बायकांची पक्की समजूत असते. आणि दुखलं तरी अंगावर काढायची सवय असते, ती वेगळीच.

रुक्मिणबाईनं चष्मा पुसून सुनेचा गळा न्याहाळला. ही बाई वाईट नव्हती. सुनेला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. पण तिच्या सासूनं जे शिकवलं तेवढंच तिला ठाऊक होतं. सून सासरी येते ती नांदायला. आजारी पडायला तिचं माहेर असतं.

"ह्ये माहेरचं दुखणं हाय," ती म्हणाली. "आमच्या घराण्यात कुणाला गाठी न्हाईत. भावाला फोन लाव तुझ्या. म्हणावं, घेऊन जा, दाखव."

शिवशंकर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "हाव, जाऊन ये दोन-चार दिवस. मालूची शाळा हाय, ती राहू दे हितंच."

ही रीत कुठल्या पोथीत लिहिलेली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, एवढं आपण सगळे ऐकून असतो. त्याच धाग्याला धरून सुनेची कावीळ माहेरी जाते, सुनेचा मोडलेला हात माहेरी जातो. बैल आजारी पडला तर मालक गोठ्यात डॉक्टर आणतो. ज्या बाजारातून आणला तिथं नेऊन बांधत नाही. माझ्या या बोलण्याचा कुणाला राग आला तर येऊ द्या.

मुदखेडला राजकन्येचा धाकटा भाऊ सुदाम रेल्वेत नोकरीला होता. आई-वडील वारलेले. घरात सुदाम आणि त्याची बायको दीपाली. सुदामनं बहिणीला गावातल्या डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आहे. पण गाठीची सोनोग्राफी नांदेडला करून घ्या."

पहिलं वाक्य सुदामनं ऐकलं, दुसरं त्याच्या कानावरून गेलं. त्याला ते ऐकायचंच नव्हतं, असं म्हणालो तर खोटं ठरणार नाही. "अक्का, नॉर्मल हाय बग. आता निवांत ऱ्हा," असं म्हणून त्यानं बहिणीला हदगावच्या गाडीत बसवून दिलं.

ही चूक आपल्याकडे घरोघर होते. रक्ताची तपासणी एवढंच सांगते की गळ्यातली ग्रंथी आपलं काम नीट करते आहे. तिच्यात वाढलेली गाठ साधी की घातकी, हे रक्तातून कळत नाही. गिरणी सुरळीत चालते म्हणून दळणात खडे नाहीत, असं होतं का? पण कागदावर 'नॉर्मल' हा शब्द होता, आणि त्या एका शब्दावर दोन घरांनी आठ महिने ढकलले.

आठ महिन्यांत बोराचं लिंबू झालं. राजकन्येनं बंद गळ्याचे ब्लाऊज शिवून घेतले. शेवटी हळदी-कुंकवाला आलेली एक बाई बोट दाखवून म्हणाली, "ह्ये काय हो तुमच्या सुनेला?" आणि रुक्मिणबाईनं सुनेला पुन्हा माहेरी जायची पिशवी भरायला सांगितली.

या वेळी सुदाम रजा काढून तिला नांदेडला घेऊन गेला. सोनोग्राफी झाली. डॉक्टर सौदामिनी शांतपणे बोलणाऱ्या होत्या. "गळ्यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, त्यामुळे आत्ताच घाबरू नका. पण या गाठीच्या कडा वेड्यावाकड्या आहेत आणि आत चुन्यासारखे बारीक ठिपके दिसतात. बारीक सुईनं थोड्या पेशी काढून तपासू. भूल लागत नाही, पाच मिनिटांचं काम आहे."

"सुई?" सुदामची पाचावर धारण बसली. "सुई टोचली की पसरतं म्हणतात ना, मॅडम?"

"म्हणणारे म्हणतात. तसं होत नाही. फक्त संमतीच्या कागदावर एक सही लागेल."

सुदाम बाहेर आला आणि त्यानं हदगावला फोन लावला. राजकन्या शेजारीच उभी होती, तिला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"दाजी, तुमी येऊन सही करा. तुमची बायको हाय."

"नेलं तुमी, दाखवलं तुमी. मंग सही बी तुमीच करा की."

"आन उद्या कमी-जास्त झालं तर? तुमीच म्हणचाल, सुदामनं सुई टोचून गाठ चाळवली."

"तसं असंल तर ऱ्हाऊ द्या. माय बी सुईला नगच म्हणायली."

खरं भांडण सुईचं नव्हतंच. ज्याची सही, त्याचं दुखणं, हा दोन्ही घरांचा न बोललेला कायदा होता. एकदा सही केली की पुढची धावपळ, पुढचं जागरण, आणि वाईट झालं तर त्याचा ठपकासुद्धा त्याच घरावर. म्हणून दोघांनीही काखा वर केल्या. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी राजकन्येची गत झाली. सासरचे म्हणत, बरी होऊन ये. माहेरचे म्हणत, त्यांना येऊ दे.

ती मुदखेडला राहिली. लग्न झालेली लेक माहेरी आली की पहिल्या दिवशी शेजारणी विचारतात, "कधी आलीस?" आठवड्यानं विचारतात, "कधी जाणार?" महिन्यानंतर कुणी काही विचारत नाही, नुसतं बघतात. दीपाली तोंडानं एक शब्द वाकडा बोलली नाही. पण राजकन्येचा पेला वेगळा झाला, टॉवेल वेगळ्या खुंटीवर गेला. अशी गाठ एकाची दुसऱ्याला लागत नाही हे दीपालीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

दुपारी सुदाम ड्युटीवर, दीपाली झोपलेली. ओट्यावर बसून राजकन्या स्टेशनातून गाड्या सुटल्याची घोषणा ऐकत राही. चार वाजता मालूची शाळा सुटे. सव्वाचारला ती फोन करी.

"काय खाल्लंस गं?"

"आजीनं खिचडी केलती. आई, तू कधी यायलीस?"

"येते की. रिपोर्ट आला की येते."

कुठला रिपोर्ट, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. फोन ठेवला की ती गळ्यावर हात ठेवी. दिवसभरात तिच्या त्या गाठीला आपलेपणानं हात लावणारी ती एकटीच होती. रडायला सुद्धा घर लागतं हो, परक्याच्या ओट्यावर बाईला रडताही येत नाही. आणि जिथं आपण जन्मलो ते घर आपल्याला कधी परकं झालं, हेच तिला उमगत नव्हतं.

दोनदा ती एकटीच एसटीनं नांदेडला गेली. दवाखान्याच्या बाकावर बसली. खिडकीतून प्रश्न आला, "सोबत कोण आहे?" ती म्हणाली, "यायलेत." दुपारपर्यंत बसली आणि उठून परत आली. कुणी येणार नव्हतं. पण सोबत कुणी नाही, असं चारचौघांत म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

तिसऱ्या खेपेला सिस्टर धम्मप्रिया तिच्याजवळ येऊन बसली. "ताई, मी तुम्हाला तिसऱ्यांदा बघतेय. कोण येणार आहे नेमकं?"

राजकन्येनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "कुणीच न्हाई."

आणि तिला रडू कोसळलं. अडीच महिन्यांचं रडू होतं ते. धम्मप्रियानं तिला रडू दिलं, मग पाणी आणून दिलं.

"तुम्ही आहात ना? मग झालं तर. सही पेशंटची लागते, नवऱ्याची नाही, भावाची नाही."

"माझी चालती?"

"गळा तुमचा आहे, ताई. दुसऱ्याची कशी चालेल?"

राजकन्या बारावी पास होती. मालूच्या प्रगतिपुस्तकावर आठ वर्षं तीच सही करत आली होती. स्वतःच्या गळ्यासाठी आपली सही पुरते, हे छत्तीस वर्षांच्या बाईला एका परक्या मुलीकडून कळावं! नवऱ्यानं सांगितलं नाही, भावानं सांगितलं नाही, शाळेनं शिकवलं नाही. याची लाज राजकन्येनं वाटून घ्यायची की आपण?

तिनं सही केली. सुई टोचली, कान टोचताना दुखलं होतं तेवढंच दुखलं. आठवड्यानं ती रिपोर्टला गेली, तेव्हाही एकटीच.

डॉक्टर सौदामिनींनी आधी खुर्ची पुढं ओढली. "राजकन्याताई, हा कर्करोग आहे. पण गळ्यातला हा प्रकार सावकाश चालणारा असतो. ऑपरेशन करून ग्रंथी काढू. नंतर रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, जन्मभर. तुम्ही लेकीचं लग्न बघाल, नातवंडं बघाल."

"बाई, आधी आले असते तर?"

डॉक्टरांनी रिपोर्ट तिच्याकडे फिरवला. "तेव्हा कदाचित गाठीपुरतंच राहिलं असतं. आता मानेतल्या बाजूच्या गाठींतही उतरलंय. त्याही काढाव्या लागतील. ऑपरेशन मोठं होईल, आवाज काही दिवस बसेल."

त्या दिवशी तिनं कुणालाच फोन केला नाही. एसटीत खिडकीशी बसून ती मुदखेडला आली आणि नेहमीसारखी भाजी निवडायला बसली. सव्वाचारला मात्र मालूला म्हणाली, "बाई, कपाटातल्या रेशनकार्डाचा फोटो काढून धाड मला. सरकारी योजनेला लागतो." पोरीनं काही न विचारता पाच मिनिटांत धाडला. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर तिनं दोन्ही घरी एकच निरोप दिला, "सोमवारी ऑपरेशन हाय. सही मी केली."

सोमवारी झाडून सगळे हजर. सही दुसऱ्यानं केली की माणसं कशी पटापट येतात! शिवशंकर आला, रुक्मिणबाई आली, सुदाम-दीपाली आली. नारळपाणी आलं, सफरचंदं आली. ऑपरेशन नीट पार पडलं. रुक्मिणबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, हेही मला सांगितलं पाहिजे.

चौथ्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. राजकन्येच्या गळ्याला पट्टी, आवाज पार बसलेला. पिशव्या भरून झाल्या तरी कुणी हलेना.

रुक्मिणबाई म्हणाली, "डॉक्टरीणबाईनं महिनाभर आराम सांगितलाय. मुदखेडलाच ऱ्हाऊ दे. माहेरासारखा आराम कुठं मिळतो?"

सुदाम म्हणाला, "आत्याबाई, तिचं लेकरू तिकडं हाय. आमी दोघं बी दिसभर कामात. तुमीच न्या."

धम्मप्रिया कार्ड घेऊन आली. "पुढच्या तपासणीसाठी पत्ता लागतो. काय लिहू?"

"मुदखेड लिवा," रुक्मिणबाई म्हणाली.

"हदगाव लिवा," सुदाम म्हणाला.

दोघं एकाच वेळी बोलले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना वळवल्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली. तिलाही बहुधा ते पाहवलं नसावं.

राजकन्येनं हात वर केला. तिचा आवाज इतका बारीक निघाला की सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं. लग्नाच्या पंधरा वर्षांत तिचं बोलणं ऐकायला दोन्ही घरांतलं कुणी पहिल्यांदाच वाकलं होतं.

"हदगाव."

"अगं माय, पण दुखण्यात तिकडं कोण बगंल तुज्याकडं?" रुक्मिणबाई कळवळून म्हणाली.

"आत्याबाई," राजकन्या थांबत थांबत म्हणाली, "पंधरा वर्सं मी त्या घरात धडधाकट ऱ्हायले. तवा कुणी माहेरचा पत्ता न्हाई इचारला. आता मी आजारी हाय, आन आजारी बी त्याच घरात ऱ्हाणार. बगायला कुणी नसंल तर नसू द्या. मी कुठंच पाठवल्यासारखी जाणार न्हाई."

धम्मप्रियानं कार्डावर हदगाव लिहिलं. सुदाम खिडकीबाहेर बघत राहिला. शिवशंकर पिशवीपाशी उभा होता.

त्यानं ती पिशवी उचलली की नाही, हे मी सांगणार नाही. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा तुमच्याजवळ आहे, वाचकहो. तुमच्या घरची सून शेवटची आजारी पडली होती, तेव्हा ती कुठल्या गावात होती?