गुडघ्यामागचं सुती कापड

मनाली आंघोळीला गेली आणि कलाबाईंनी झटकन कात्री उचलली. दहा मिनिटं मिळतील, फार तर बारा. मशीनवर सोनेरी सॅटिनचा ड्रेस पसरला होता, पायांत चुडीदारासारखा घट्ट आणि अंगभर टिकल्या. त्यातल्या नेमक्या गुडघ्यामागच्या टिकल्या त्या भराभर उसवू लागल्या. घाईत कात्री दोनदा बोटालाच लागली.

ड्रेस सुनेनं काढलेल्या चित्राबरहुकूम शिवला होता. मुंबईच्या कुठल्याशा मालिकेत परीलोकातली सर्कस दाखवायची होती. रिंगमास्तरच्या कोटापासून विदूषकाच्या टोपीपर्यंत सगळे कपडे मनालीनं मलकापूरच्या या दोन खोल्यांत बसून डोक्यातून काढले. पोरीनं उभ्या जन्मात सर्कस पाहिली नव्हती, पण मुंबईवाले चित्रांवर लट्टू झाले. कलाबाई नुसत्या शिवायच्या. शिवताना सुनेचं कौतुक वाटायचं आणि भीतीही.

कारण कलाबाई स्वतः अठराव्या वर्षापर्यंत सर्कशीत झुल्यावर होत्या. हे ठाऊक होतं एका इंद्रभानला, त्यांच्या नवऱ्याला. पोरगी अकोल्याच्या अनाथाश्रमातली आहे, असं त्यानंच घरी सांगून लग्न केलं. तंग कपड्यांत लोकांसमोर लटकणारी सून कोणत्या सासूनं पदरात घेतली असती? पुढे सासू गेली, इंद्रभानही गेला, भीती मात्र मुक्कामाला राहिली. गावात सर्कशीचा तंबू पडला की कलाबाईंना ताप भरायचा, खराखुरा. कुणी जुनं माणूस ओळखेल आणि आपण पोराच्या मनातून उतरू, एवढंच त्यांच्या डोक्यात असायचं.

आज त्याहून मोठी भीती समोर पसरली होती. चित्रातली परी झुल्याला गुडघ्यांनी लटकत होती, डोकं खाली, हात मोकळे. आणि गुडघ्यामागे, जिथं सगळा भार येतो तिथंच, गुळगुळीत सॅटिन. कलाबाईंनी एका पायाला सुती तुकडा जोडला, दुसरा लावायला घेतला.

"आई! काय करून राह्यल्या तुम्ही?"

मनाली ओल्या केसांनी दारात उभी होती. तिनं ड्रेस ओढून उजेडात धरला. "हे ठिगळ काऊन लावलं? मुंबईच्या सरांनी पास केला होता न ड्रेस!"

"टिकली टोचते बाई. त्या बाईले टोचन."

"टोचू द्या न! संध्याकाळच्या गाडीनं पार्सल जाचं आहे." मनाली रडकुंडीला आली. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. तिनं तिथूनच मुंबईला फोन लावला, स्पीकरवर. बाजार समितीतून जेवायला आलेला तिचा नवरा प्रसेनजित ताटावरून दोघींकडे पाहत होता.

"पाय चमकलेच पाहिजेत," फोनमधला माणूस म्हणाला. "टिकल्या परत लावा."

"खाली जाळी बांधता का?" कलाबाईंनी मध्येच विचारलं.

"शूटिंगला कमरेला वायर असते, मावशी. रिहर्सलला नटी वायरशिवायच चढते. काही होत नाही."

'बरं' एवढंच म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. ते म्हणावंसं त्यांना फार वाटलं.

"मी नाही लावत टिकल्या."

तो हसला. "तुम्हाला झुल्यातलं काय कळतं?"

"सात वर्सं लटकली आहो मी झुल्याले. सर्कशीत." एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "मालकानं असेच चमकीचे कपडे आणले होते. सकाळची प्रॅक्टिस होती, जाळी बांधाची राह्यली होती. मी गुडघ्यानं उलटी लटकली, धाकट्या बहिणीचे हात माह्या हातात. हात नाही सोडले मी. पाय घसरले माहे. मी तिच्यावर पडली, म्हणून वाचली."

मनालीच्या हातातला ड्रेस खाली आला. फोनमधला माणूस पुटपुटला, "राहू द्या ते कापड. फक्त सोनेरी रंगाचं लावा."

फोन बंद झाला. कलाबाईंनी मान वर केली नाही. चौतीस वर्षं ज्याला भ्यायल्या ते आता पोराच्या तोंडून येणार, म्हणून त्या मशीनची कड धरून बसल्या.

प्रसेनजितचा घास हातातच होता.

"मले मावशी होती?"

"हाव."

"नाव काय तिचं?"

त्या दिवसापासून ते नाव त्यांनी इंद्रभानपाशीसुद्धा काढलं नव्हतं. प्रसेनजित उठला. डाव्या हातानं त्यानं तांब्या भरून आणला आणि खरकट्या हातानंच आईजवळ खाली बसला. त्या दोन घोट पाणी प्यायल्या.

"झुंबर," त्या म्हणाल्या. "सोळाची होती."

मग त्यांनी ते नाव पुन्हा एकदा घेतलं, जरा मोठ्यानं.