पाकळीतून परतायची वाट

आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात सकाळपासून एकच पाकळी शिवली जात होती. सुई लगबगीनं पाकळीची कड शिवायची, टोकाला पोचायची आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा तीच कड शिवायला घ्यायची. दोऱ्यावर दोरा चढून कापडाचा पुठ्ठा झाला, तेव्हा कुठे भाचीनं मशीन बंद केलं.

या भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणत, आणि आज एकाच जागी फिरून तिचं नाव मशीननं पळवलं होतं.

भरतकामाचं ते मशीन पारखायला म्हणून आणलेलं. संध्याकाळी विक्रेत्याचा माणूस येणार होता, ठेवायचं की परत न्यायचं ते विचारायला. त्यात तयार नक्षी ढीगभर होती, पण आत्याचं फूल नव्हतं. उभा जन्म आत्या ते फूल हातानं भरत आली होती, आणि आता तिचा हात थरथरायला लागला होता. माझं फूल निघत नसेल तर हे धूड मला नको, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हात थांबला की फूलही थांबणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

म्हणून भिंगरीनं मशीनसाठी स्वतःची एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा रचली. तिच्यात सांगायचं, फूल म्हणजे पाच पाकळ्या आणि मध्ये ठिपका. पाकळी म्हणजे आधी मधली शीर, मग कड. लिहायला सोपं, खरी गंमत पोटात. प्रोग्रामचा एक भाग ओळ वाचून शब्द सुटे करी, दुसरा कोण कोणाच्या पोटात आहे ते लावी, आणि तिसरा त्याबरहुकूम सुई हलवी. पहिले दोन चोख होते. घोळ तिसऱ्यात होता, पण नेमका कुठे ते सापडत नव्हतं.

"तुझ्या भाषेला सुरुवात करता येते, आवरतं घेता येत नाही," आत्या म्हणाली. "अगदी तुझ्या बापावर गेलीये."

आणि भावाचा विषय निघाला तशी ती सुटलीच. लहानपणी त्याची विजार शिवायला टाकली होती, तिथून गोष्ट सुरू झाली. मध्येच तिला विजार शिवणारे मास्तर आठवले. तिनं समोरच्या टाचण्यांच्या उशीत एक टाचणी खोचली आणि मास्तरांची गोष्ट धरली. मास्तरांवरून त्यांची कात्री निघाली. दुसरी टाचणी खोचली. दुकानाची रीतच होती ती: हातातलं काम अर्धं ठेवून दुसरं घेतलं की उशीत टाचणी खोचायची. आत्यानं ती बोलण्यालाही लावली होती. रंगात आलेला कीर्तनकार कथेतून उपकथेत शिरतो आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला असताना अलगद मूळ पदावर येतो, तशी ती यायची. कात्री संपली, शेवटची टाचणी उपटली: तर मास्तर काय म्हणाले. मास्तर संपले, आधीची उपटली: तर तुझा बाप अर्ध्या विजारीत उभा.

भिंगरीची नजर उशीवर खिळली होती.

"आत्या, तुझ्याकडे एकच टाचणी असती तर?"

"मग कात्रीसाठी तीच उपटून खोचावी लागली असती. मास्तरांपाशी आले असते आणि तिथेच फिरत बसले असते. तुझा बाप बिचारा अजून अर्ध्या विजारीत."

भिंगरी खुर्चीवरून उठलीच. तिच्या तिसऱ्या भागात परतीची जागा टिपायला एकच खण होता! फुलातून पाकळीत जाताना त्यात लिहिलं जाई, 'फुलात परत'. पाकळीतून शिरेत जाताना त्याच खणात, आधीचं पुसून, 'पाकळीत परत'. शीर संपली की सुई पाकळीत येई, कड शिवी, आणि आता कुठे जायचं म्हणून खणात बघे. तिथे पाकळीच! म्हणजे पुन्हा कड, आणि पुन्हा कड. सुईचा बिचारीचा काय दोष? ती सांगितल्या शब्दाला इमानानं जागत होती.

हे सगळं ती एका दमात सांगत होती आणि बोटं कळांवर धावत होती. एका खणाच्या जागी तिनं रास केली. आत शिरताना परतीची जागा वर ठेवायची, बाहेर येताना सगळ्यात वरची उचलायची. बदल मोजक्या ओळींचा होता. आपण रचलेल्या भाषेच्या पोटात आज तिला पहिल्यांदा लख्ख दिसत होतं.

नवं कापड ताणलं. शीर झाली, कड झाली. सुई क्षणभर थबकली, वळली आणि दुसऱ्या पाकळीकडे निघाली.

आत्यानं हात जोडले.

फूल पुरं झालं तसं आत्यानं कापरं बोट त्यावरून फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाली, "शीर सरळ आलीये गं. माझी जरा डावीकडे झुकते."

भिंगरीनं एक ओळ बदलली. पुढच्या फुलातली प्रत्येक शीर डावीकडे झुकली.

"आणि शिरेच्या पोटात दवाचा थेंब घातला तर? हरवणार नाही ना तुझी सुई?"

"कितीही आत जाऊ दे, आत्या. घरी येईल."

तेवढ्यात विक्रेत्याचा माणूस दारात उभा राहिला. आत्यानं उशीत टाचणी खोचली.

"या, बसा," ती म्हणाली. "मशीन आता इथलंच झालं. तेवढी विजारीची गोष्ट राहिलीये, ती ऐकूनच जा."