पुसलेला पिवळा ठिपका

ऑड्रीबाई प्रॉसर यांनी आयुष्यभर पुसला तो फक्त फळा. त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या सकाळी पिशवीत तारेचा ब्रश, व्हिनेगरची बाटली आणि जुना टॉवेल घालून, वर सगळ्यांना दिसेल असा चहाचा थर्मास ठेवून त्या घराबाहेर पडल्या, तेव्हा आपण दरोडा घालायला निघालोय असंच त्यांना वाटत होतं.

चर्चच्या मागून निघणारी पाऊलवाट मेंढ्यांच्या कुरणातून उतरत पेनीहॅचच्या रानात शिरते. उन्हाळाभर बाई या वाटेला आल्याच नव्हत्या. जूनमध्ये त्यांचा खुबा बदलला होता आणि डॉक्टरांनी सपाट जमीन सोडून कुठे जायचं नाही अशी ताकीद दिली होती. ऑक्टोबरच्या शेवटी परवानगी मिळाली तशा त्या काठी टेकत आधी रानातच आल्या होत्या. ओकची पानं पिवळी पडून निम्मी खाली आली होती, हेझलच्या झुडपांतून एक रॉबिन पक्षी त्यांच्यासोबत चालत होता, ओढा नेहमीसारखा बडबडत होता. आणि ओढ्याकाठच्या त्यांच्या ॲशच्या झाडावर, छातीच्या उंचीला, बशीएवढा पिवळा ठिपका होता.

ठिपक्याचा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्याकडेच्या झाडांवर असेच ठिपके उमटले, आणि आठवड्याच्या आत तिथे नुसते बुंधे उरले. त्यात या ॲशला शेंड्याकडून वाळवत नेणारा रोग मुलुखभर पसरलेला. पेनीहॅचमधला ॲशही तोडायचा आहे असं दुकानात, चर्चमध्ये, बसथांब्यावर बोललं जात होतंच. म्हणजे आता याची पाळी.

बाईंनी गावच्या शाळेत बालवर्गाला शिकवलं होतं. काही मुलं शाळेत आली की महिना महिना तोंड उघडत नसत. अशा मुलाला बाई मधल्या सुट्टीत या झाडापाशी आणायच्या आणि म्हणायच्या, "मला नाही सांगितलंस तरी चालेल. याला सांग." मग पाठ फिरवून ओढ्याकडे बघत उभ्या राहायच्या. कोणी पहिल्याच दिवशी बोलायचं, कोणाला पानगळ सुरू व्हावी लागायची, पण बोलायची सगळी. त्यातला एक आता गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो आणि त्याला गप्प बसवणं कोणाला जमत नाही. नवरा गेला त्या वर्षी बाई स्वतःही दोनतीनदा या झाडापाशी येऊन बोलून गेल्या होत्या. ते मात्र कोणाला माहीत नव्हतं.

रानाच्या फाटकापाशी त्यांना ह्यू पॅरी भेटला. रानाची देखभाल त्याच्याकडे होती. चाळिशीचा, लांब हातापायांचा, भला माणूस.

"गारठा आहे आज," तो म्हणाला.

"आहे खरा. पण कोरडा आहे."

"हो, कोरडा आहे हे बरं."

"मागच्या आठवड्यापेक्षा पुष्कळ बरं."

"मागचा आठवडा म्हणजे अगदीच."

एवढं झाल्यावर दोघं थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले. खरं तर विचारायची हीच वेळ होती. पण त्याच्या कामाबद्दल त्याच्याच तोंडावर विचारायचं म्हणजे त्याच्या कामाला नावं ठेवल्यासारखं झालं असतं. आणि तो "हो, पाडणार" म्हणाला असता तर पुढे काय बोलायचं, हेही बाईंना सुचेना. तेवढ्यात ह्यूची नजर त्यांच्या पिशवीकडे गेली. थर्मासच्या बाजूने ब्रशची मूठ वर आली होती. त्याने ती पाहिली, आणि पाहिली नाही असं दाखवून तो पुन्हा आभाळाकडे बघू लागला.

"बरं आहे तर," तो म्हणाला.

"बरं आहे," बाई म्हणाल्या.

ठिपका पुसायला बराच वेळ लागला. साल खरवडली जाऊ नये म्हणून बाई शाळकरी पोराचा गुडघा धुवावा तशा हलक्या हाताने घासत होत्या. झाडाशेजारीच एक तरणा ॲश उभा होता, त्यावरही ठिपका होता. त्याच्याशी बाईंचं काही नातं नव्हतं. पण एकाला वाचवायचं आणि दुसऱ्याला तसंच सोडून जायचं, हे त्यांच्याने होईना. त्यांनी तोही पुसला. घरी आल्यावर गरम पाण्याच्या टबात बसून त्यांनी खुबा शेकला आणि कित्येक दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

जानेवारीत रानात तोड सुरू झाली. एका बुधवारी सकाळी गावकरी सभागृहात कॉफीला जमले तेव्हा ह्यू सगळ्यांना माहिती द्यायला आला. बाई शेजारणीच्या, नेस्टा ग्विलियमच्या बाजूला बसल्या होत्या. नेस्टाने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि तिचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असाच होता.

"काही जणांना वाटतं आपण सगळाच ॲश तोडतोय," ह्यू सांगत होता. "तसं नाही. रोगट झाडं इतकी आहेत की त्यांच्यावर खुणा करत बसलो असतो तर रंग पुरला नसता. म्हणून आम्ही उलटं केलं. जुलैत, पानं भरात असताना, जी झाडं धडधाकट दिसली तेवढ्यांवरच पिवळा ठिपका दिला. ठिपक्याचं झाड राहणार. त्याचंच बी पुढे रुजणार. बाकीचा ॲश जाणार."

बाईंनी तोंडाशी नेलेला कप तसाच बशीत ठेवला.

"पण आता तर एकाही झाडाला पान नाही," मागून कोणी म्हणालं. "तोडणाऱ्यांना कळणार कसं?"

"म्हणून तर ठिपका. हिवाळ्यात सगळी सारखीच दिसतात. ठिपका दिसला की सोडायचं, नाही दिसला की पाडायचं. आज दुपारपर्यंत ओढ्यापाशी पोचतील."

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. एकाने गाड्या कुठे लावायच्या ते विचारलं. एका बाईने, तिच्या कुत्र्याला करवतीचा आवाज सहन होत नाही, त्याचं काय, म्हणून विचारलं. ऑड्रीबाईंनी हात वर करायचा म्हणून उचलला आणि केसांवरून फिरवून परत मांडीवर ठेवला.

"नेस्टा," त्या हळूच म्हणाल्या, "तुझी गाडी कुठे आहे?"

"का गं? बरं नाही वाटत?"

"ठिपका पुसलाय मी."

"कसला ठिपका?"

"ओढ्यापाशी. माझ्या झाडावरचा. मला वाटलं, पाडायची खूण आहे."

नेस्टाने कप खाली ठेवला. "तू पुसलास?"

"हो."

"अगं, लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तर तुला रात्री झोप लागत नाही."

"नेस्टा, ते दुपारपर्यंत पोचतायत."

"मग त्याला सांग ना. तो काय समोरच उभा आहे."

"सगळ्यांसमोर?"

नेस्टाने बाईंकडे पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि बसमधल्या आवाजात म्हणाली, "पॅरी, तुमची माहिती पुरे झाली. गाडीत बसा. बाईंनी तुमचं रान पुसून ठेवलंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. ऑड्रीबाईंना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण जमीन काही दुभंगली नाही आणि घड्याळ चालत होतं, म्हणून त्या काठी घेऊन उठल्या.

गाडीत ह्यू पुढे बसून फोन लावत होता. रान खोलगटात आहे, तिथे फोन लागत नाही हे त्याला माहीत होतं, तरी लावत होता. मागच्या सीटवरून बाईंनी सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या दिवशी तो ब्रश..." ह्यू म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, बाकं घासायला चालल्या असाल. पण बाई, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"तुम्ही तरी ब्रशबद्दल कुठे विचारलंत?"

ह्यूने पुन्हा फोन लावला.

"दोघंही थोर आहात," नेस्टा गाडी वळवताना म्हणाली. "हवेबद्दल बोललात ना पोटभर? मग झालं."

फाटकातून आत शिरल्याबरोबर करवतीचा आवाज कानावर आला. वाटेवर लाल-पांढरी फीत बांधली होती आणि तिला 'पुढे येऊ नये' अशी पाटी लटकत होती. ह्यू तिच्यावरून उडी मारून पळाला. बाई फितीपाशी थांबल्या. त्यांनी जन्मात कधी पाटी ओलांडली नव्हती.

"तो कुठलं झाड वाचवणार आहे?" नेस्टा मागून म्हणाली. "त्याला सगळी सारखीच दिसतात, आत्ताच सांगितलं त्याने."

बाईंनी फीत वर उचलली आणि नवा खुबा, जुना गुडघा आणि काठी यांना कसंबसं एकत्र वाकवून त्या खालून गेल्या. पुढची वाट चिखलाची होती. नेस्टाने दंड धरला होता. मधेच करवत थांबली. झाड पडतं तेव्हा ती थांबतेच, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांना काही विचार करवेना. पावलं मात्र पडत होती.

ओढ्याचं वळण आलं. झाड उभं होतं.

त्याच्या बुंध्याशी शिरस्त्राण घातलेली एक मुलगी आयव्हीच्या वेली कापून बाजूला करत होती. तिचं नाव टॅमसिन. करवत तिच्या पायाशी ठेवलेली होती. "हेच पुढचं होतं," ती ह्यूला म्हणत होती. "काय झालं काय?"

"हे नाही पाडायचं," बाई लांबूनच म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "याच्यावर ठिपका होता."

टॅमसिनने झाडाभोवती एक फेरी मारली. "इथे काही नाही, मावशी."

बाईंनी नको इतकं स्वच्छ घासलं होतं. ह्यूने झाडाकडे पाहिलं, वर उघड्या फांद्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, रागावू नका, पण विचारतो. ठिपका होता म्हणून सांगताय, की हे झाड तुमचं आहे म्हणून? रोगट झाड वाटेवर राहिलं आणि उद्या एखादी फांदी कोणा पोराच्या डोक्यात पडली, तर दोष माझ्यावर येईल."

बाईंचं झाडावर किती प्रेम आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि म्हणूनच त्यांच्या बोलण्यावर भरवसा कसा ठेवायचा हा ह्यूचा प्रश्न रास्त होता. त्याच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच विचारलं असतं. त्यांची नजर खाली गेली. झाडाच्या शेजारी आता मोकळी जागा होती. तिथे एक ताजा बुंधा होता, आतून दुधासारखा पांढरा, आणि पलीकडे पाचोळ्यात आडवा पडलेला ओंडका.

"याच्यावरही होता," त्या म्हणाल्या. "तोही मीच पुसला."

ह्यूची नजर बुंध्याकडे गेली.

"हे तुम्ही नसतं सांगितलंत तर कोणाला कळलं नसतं," ह्यू म्हणाला.

"मला कळलं असतं."

टॅमसिन ओंडक्यापाशी वाकली. तिने तो एका लोखंडी आकड्याने थोडा फिरवला आणि सालीच्या भेगेत नख घातलं. नखाला पिवळं लागलं. तिने ते ह्यूला दाखवलं. मग ती मोठ्या झाडाकडे आली आणि बाईंनी बोट ठेवलं तिथल्या भेगा एकेक करून बघू लागली. एका खोल भेगेत रंगाची रेघ सापडली, दोऱ्याएवढी.

ह्यूने खिशातून रंगाचा डबा काढला. "आता कसं, बाई? तुम्ही देता?"

ऑड्रीबाईंनी डबा हातात घेतला. पिवळा फवारा उडाला आणि झाडावर ठिपका उमटला, जरा वेडावाकडा.

"गोल काढ की," नेस्टा म्हणाली. "बालवर्गातली पोरंही बरा काढतात."

बाईंना हसू आलं. त्या आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसल्या. मग आपण कशावर बसलोय हे लक्षात येऊन उठायला लागल्या.

"बसा," ह्यू म्हणाला आणि स्वतःही शेजारी बसला. "त्याला काय होतंय. बुंधा पाहिलात ना, किती पांढरा आहे? आतून कुठे काळं नाही, कीड नाही. मूळ जिवंत आहे. मे महिन्यात याच बुंध्यातून धुमारे फुटतील, चांगले मूठभर. हरणांनी खाऊ नयेत म्हणून भोवती जाळी मारू."

"नक्की फुटतील?"

"मी नुसतं बरं वाटावं म्हणून नाही सांगत. ॲश असाच असतो."

बाईंनी बुंध्याकडे पाहिलं. करवतीच्या खुणांमधून पाणी वर येत होतं, कापलेला भाग ओलसर चकाकत होता. वाईट वाटत होतं, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. टॅमसिनने आपल्या डब्यातलं चीज-लोणच्याचं सँडविच अर्धं करून पुढे केलं. बाईंनी आधी नको म्हटलं, दुसऱ्यांदाही नको म्हटलं, मग घेतलं आणि सगळं संपवलं. सकाळपासून त्यांनी काही खाल्लंच नव्हतं.

थोड्या वेळाने टॅमसिन करवत उचलून वरच्या अंगाला गेली. लांब कुठेतरी आवाज पुन्हा सुरू झाला. बाई दचकल्या नाहीत.

"ह्यू," त्या म्हणाल्या, "ही जाळी किती उंच लागेल? आणि धुमारे फुटले की सगळे ठेवायचे, की काही काढायचे?"

ह्यू सांगू लागला. त्याचं होईतो त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता, आणि त्याच्या पुढचाही. नेस्टाने गाडीची किल्ली दोनदा खुळखुळवली, मग ती परत खिशात टाकली आणि दुसरा ओंडका शोधून बसली.